एकांकित मूळ संख्या आणि द. रा. कापरेकर यांचे संख्याचिंतन

प्रस्तावना :
१ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसलेल्या, १ पेक्षा मोठ्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. अशा संख्या अनंत असल्याचे युक्लिडने सिद्ध केले. तथापि एखादी विशिष्ट मोठी संख्या मूळ आहे काय, हे ठरविणे दीर्घकाळ कठीण राहिले. प्रस्तुत लेखात केवळ १ या अंकाने बनलेल्या, म्हणजेच एकांकित संख्यांच्या इतिहासात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या कार्याचे स्थान तपासले आहे.

एकांकित संख्यांचे गुणधर्म :
एकांची संख्या संयुक्त असेल तर ती एकांकित संख्याही संयुक्तच असते. उदा. १११११११ च्या आधीची सहा एकांची संख्या ही १११ × १००१ आहे. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. पाच ही मूळ संख्या असूनही १११११ = ४१ × २७१ होय. म्हणूनच १/४१ व १/२७१ या अपूर्णांकांच्या दशांशरूपात पाच अंकांचा गट पुनःपुन्हा येतो. ११ नंतरची एकांकित मूळ संख्या १९ एकांची आहे. तिच्या व्यस्ताच्या दशांशरूपात अठरा शून्ये व एक ९ यांचे आवर्तन होते. १९ अंकी आवर्तन असणारी दुसरी मूळ संख्या नाही.

कापरेकरांचे कार्य :
डहाणू येथे जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. ११ चा वर्ग १२१ व १११ चा वर्ग १२३२१ येतो. हा क्रम नऊ एकांपर्यंत टिकतो आणि दहाव्या वेळी हातचा आल्याने मोडतो. अशा संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हटले. ६१७४ या स्थिरांकाचा शोधही त्यांचाच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिल्यावर त्यांची कीर्ती जगभर पसरली.

आक्षेप व विवेचन :
हे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असल्याने ते केवळ रंजन होय, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः योग्य आहे. संख्येचे मूळत्व लेखनपद्धतीनुसार बदलत नाही, वर्गातील अंकांची मांडणी मात्र बदलते. तसेच मोठ्या एकांकित संख्यांच्या मूळत्वाच्या सिद्धतेचे श्रेय कापरेकरांना देता येणार नाही. १०३१ एकांच्या संख्येची सिद्धता १९८६ मध्ये, म्हणजे कापरेकरांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली, ती संगणकाच्या साहाय्याने. परंतु 'सर्व अंक १' हीच कल्पना द्विमान पद्धतीत नेल्यास मर्सेन संख्या मिळतात. २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या द्विमान पद्धतीत लिहिल्यास १३,६२,७९,८४१ एकांचीच आहे.

निष्कर्ष :
कापरेकरांची निरीक्षणे म्हणजे सिद्धान्त नव्हेत. पण ती सिद्धान्ताकडे नेणारे प्रश्न निश्चित आहेत. सोलापूरसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत संख्याशास्त्राचे अध्यापन करताना या प्रश्नांपासून आरंभ केल्यास, कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांनी विद्यार्थी संशोधनाच्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकेल.