हृदयावरची चरबी : मशीन कोणाकडून शिकलं?

पीएचडीचा विषय शोधताना बहुतेक जण आधी विचारतात, "यात एआय कुठं लावता येईल?" माझ्या मते आधी दुसरंच विचारावं : ही गोष्ट मोजणं माणसाला इतकी वर्षं अवघड का गेलं? हृदयावरच्या चरबीचं उदाहरण घेऊन बघू.

सुरुवात पुण्यापासून करू. जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटासा मजकूर फोटोसह आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोघं सारखेच, आत मात्र दुपटीहून जास्त फरक! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका फोटोनं जगाला सांगितलं.

आता चरबी किती, याइतकंच ती कुठं आहे हेही महत्त्वाचं. हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाचं पातळ आवरण असतं. त्याच्या आतली, हृदयाच्या स्नायूला चिकटलेली चरबी म्हणजे एपिकार्डियल चरबी. तिच्यात आणि स्नायूत मध्ये पडदाच नाही, आणि कोरोनरी धमन्याही तिच्यातूनच जातात. म्हणून ती वाढली की धमन्यांच्या आजाराशी तिचा संबंध जोडला जातो.

ती दिसायला लागली सीटी स्कॅनमुळे. ग्रामोफोन रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या मशीनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं स्कॅन झालं; १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि चरबी साधारण उणे १९० ते उणे ३०. म्हणजे चरबीचे ठिपके वेगळे काढणं सोपं झालं. मग अडलं कुठं? तर रेघेवर. आवरणाच्या आतली आणि बाहेरची चरबी, दोन्हींचा आकडा सारखाच येतो. मधलं आवरण इतकं पातळ, की साध्या स्कॅनवर ते जागोजागी दिसतच नाही. त्यामुळे जाणकार माणूस एकेका चित्रावर हातानं रेघ ओढत बसायचा. एका रुग्णाला पंधरा मिनिटं धरा. रोजच्या ओपीडीत एवढा वेळ कोणाकडं?

२०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठातून यू-नेट आलं. चित्रातला कोणता ठिपका कशाचा, हे शिकणारं हे न्यूरल नेटवर्क. पुढं २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय केंद्रातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह ८५० रुग्णांच्या स्कॅनवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या डीप लर्निंगनं हेच मोजमाप दोन सेकंदांच्या आत केलं, आणि उत्तरही तज्ज्ञांच्या जवळपास आलं.

इथं थांबून विचार करा. मशीननं रेघ ओढायला शिकली ती तज्ज्ञांच्या रेघा पाहूनच. दोन तज्ज्ञांच्या रेघांत जेवढा फरक, तेवढी त्या 'बरोबर उत्तरा'तच शंका. आणि शिकवताना ज्यांची स्कॅन वापरली, त्यांची शरीरं कशी होती? याज्ञिक-युडकिन यांच्या फोटोनं दाखवलेला फरक इथं पुन्हा समोर येतो. परदेशी स्कॅनवर शिकलेलं मॉडेल तुमसर-लाखांदूरच्या धान लावणाऱ्या, सडपातळ माणसाच्या हृदयावर तितकंच नेमकं चालेल, असं आपण तपासल्याशिवाय धरून चालणार नाही. 'एवढी चरबी म्हणजे धोका' ही सीमाही तिकडची तशीच इकडं उचलता येत नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की अचूकतेचा आकडा बघण्याआधी तीन गोष्टी शोधा : स्कॅन कोणाची, रेघा कोणी ओढल्या, आणि त्या ओढणाऱ्यांचं आपसात किती जुळलं. नवं मॉडेल बनवायला मोठा संगणक लागतो. पण असलेलं मॉडेल आपल्या विदर्भातल्या स्कॅनवर, नैतिक समितीची परवानगी घेऊन आणि दोन रेडिओलॉजिस्टना सोबत घेऊन तपासणं, हाही पीएचडीचा पक्का विषय होतो.