घासाची वाट

घास गिळणे ही क्रिया इतकी सहज, की ती बिघडेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पक्षाघात वा कंपवात झाला, घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे कित्येकदा अन्न श्वासनलिकेत उतरू लागते. त्यातून न्यूमोनिया होऊन रुग्ण दगावतोही.

जीभ, टाळू, स्वरयंत्र हे वाचा-उपचारतज्ज्ञांचे अभ्यासविषय. अमेरिकेत त्यांची संघटना १९२५ साली स्थापन झाली. परंतु हा व्यवसाय गिळण्याच्या विकारांकडे खऱ्या अर्थाने वळला तो १९७० नंतरच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेरिलिन लोगमन यांनी बेरियम मिसळलेले पातळ, घट्ट व चावण्याचे पदार्थ थोडे थोडे देऊन, क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात घासाची वाट न्याहाळण्याची पद्धत रूढ केली. ठसकाही न लागता अन्न श्वासमार्गात गेलेले त्यात दिसे. हनुवटी खाली घेऊन गिळण्यासारखा साधा उपाय कोणास उपकारक, कोणास निरुपयोगी, हेही त्यावरून ठरविता येऊ लागले. त्यांचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि या शिक्षणाला पाठ्यपुस्तक लाभले.

उच्चार कानांनी पारखता येतात. चुकलेला घास पुष्कळदा आवाजही करीत नाही. म्हणूनच या तज्ज्ञांना कानांइतकेच डोळ्यांचे शिक्षण आवश्यक ठरले.