वाड्याच्या भिंतीत वायफाय अडतंय? जुन्या राऊटरचा असा करा ॲक्सेस पॉइंट

पैठण : जुन्या पैठणातल्या वाड्यांच्या भिंती जाडजूड. ओसरीत फायबरचं कनेक्शन घेतलं तरी मागच्या खोलीत वायफायची एकच कांडी दिसते. पाचोड, बिडकीन, आडूळ भागात स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरही हीच गत होते. अशा वेळी काही जण दुसरं कनेक्शन घेऊन दर महिन्याला डबल पैसे भरतात. त्याची गरज नाही. घरात पडून असलेला चालू स्थितीतला जुना राऊटर वायरने जोडून ॲक्सेस पॉइंट करता येतो.

ॲक्सेस पॉइंट म्हणजे काय?

मेन राऊटर बाहेरून नेट घेतो आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलला एक पत्ता, म्हणजे आयपी, वाटतो. ॲक्सेस पॉइंट पत्ते वाटत नाही, वायरने आलेलं नेट फक्त हवेत सोडतो. मोटर एकच, पाइप टाकून लांब दुसरी तोटी बसवली, तसंच हे. रिपीटरला वायर लागत नाही, पण त्याच्यापर्यंत सिग्नलच कमी पोचला तर पुढेही कमीच जातो.

जोडणी अशी करा

१. जुना राऊटर चालू करून मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबा. तो रिसेट होईल.

२. मोबाईल त्याच्या वायफायला जोडा. खालच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) ब्राऊझरमध्ये इंग्रजी अंकांत टाका.

३. 'ॲक्सेस पॉइंट मोड' दिसला तर तो निवडा आणि वायफायचं नाव, पासवर्ड टाका. मग पुढची पायरी सोडा.

४. तो नसेल तर आधी वायफायचं नाव, पासवर्ड टाका. मग आयपी बदला. मेन राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२५० चालेल, फक्त तो पत्ता मेन राऊटर मोबाईलला वाटत नाही ना, हे बघा. शेवटी डीएचसीपी बंद करा.

५. मेन राऊटरच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात केबल जोडा. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट रिकामं ठेवा. केबल १०० मीटरपर्यंत चालते.

६. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन्ही राऊटर पत्ते वाटतात. मग वायफाय फुल्ल दिसतं, पण नेट चालत नाही.

हे सांभाळा

घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नका. जवळ वीज पडली तर दोन्हीकडचे राऊटर जळू शकतात. बाहेरून न्यायचंच असेल तर फायबर टाका, काचेच्या तंतूतून वीज येत नाही. महावितरणच्या तारा आणि खांबांपासूनही लांब राहा.

घरचा पासवर्ड गावभर देऊ नका. कोणी गैरवापर केला तर चौकशी आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडे येते. दुकानातून गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदाराला लायसन्स किंवा नोंदणी फी लागत नाही.

लाइट गेली की दोन्ही यंत्रं बंद पडतात. त्यामुळे छोटा यूपीएस दोन्हीकडे लागेल. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या.