घाटावरची गारगोटी

१९७८च्या एप्रिलमध्ये आपल्या वर्गातला एक सोबती कृष्णेच्या डोहात गेला. नाव इथे लिहीत नाही. आपल्या बॅचमध्ये ते कुणाला सांगावं लागणार नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेची सूचना लागली : नदीवर जो दिसेल त्याला छड्या.

पुढे पोहण्याच्या इतिहासाचं वाचायला लागलो तेव्हा ही सूचना पुन्हा भेटली. १५७१ साली केंब्रिज विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पाण्यात उतरायलाच बंदी केली होती. सापडला तर सर्वांसमोर फटके. सोळाच वर्षांनी, १५८७ मध्ये, त्याच केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बी नावाच्या अध्यापकाने पोहण्यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. पाण्यात उतरावं कसं, उताणं तरंगावं कसं, हे लाकडी ठशांच्या चित्रांनी दाखवलं. बंदी असलेल्या गावात बसून!

आपल्याकडे शिकवणं पुस्तकात नव्हतं, विहिरीत होतं. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने किंवा थोरल्या भावाने वरून ढकलायचं. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोगही भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्यावरून आला. भोपळा चांगलाच, पण ढकलण्याचं मला कधी पटलं नाही. मी स्वतः तसाच ढकलला गेलो, आणि पुढची दोन वर्षं विहिरीच्या कडेलाही फिरकलो नाही.

बंदीनंतरच्या उन्हाळ्यात आपले पीटीचे सर हेडसरांकडे गेले. काय बोलणं झालं ते आपल्याला कळलं नाही, पण मे महिन्यात, पालकांच्या सहीच्या चिठ्ठ्या घेऊन, आम्ही अकरा जण घाटावर होतो. सरांनी कुणाला ढकललं नाही. पहिले तीन दिवस नुसतं पायरीवर बसून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. मग छातीभर पाण्यात जाऊन काठाकडे तोंड करायचं. सर आपल्या आणि काठाच्या मधे पांढरी गारगोटी टाकत. ती काढायला खाली जावं, तर पाणी अंगाला वर ढकलतं! बुडणं वाटतं तेवढं सोपं नाही, हे आधी शरीराला कळतं, डोक्याला नंतर.

हीच युक्ती अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने एका मित्राला पत्रातून कळवली होती. गारगोटीच्या जागी अंडं, एवढाच फरक. काठाकडे तोंड अशासाठी, की गारगोटीमागे जाताना आपण उथळ पाण्याकडेच सरकतो. सरांनी फ्रँकलिन वाचला असेल असं वाटत नाही. विचारायचं राहून गेलं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं होतं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यानंतर बॉक्सिंग सोडून ते पाण्याकडे वळले होते. आपल्याच नदीच्या मुलुखातला माणूस, पण घाटावर तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता.

त्या अकरांत बारावा आला चौथ्या दिवशी. आपल्या त्या सोबत्याचा धाकटा भाऊ, सहावीतला. चिठ्ठीवर आईची सही होती. ती स्वतः वरच्या पायरीवर पंचा मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी गारगोटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तू टाक."