सुमेरी ताईत व बारसूचें कातळशिल्प

रत्नागिरी जिल्ह्यांत, राजापूर तालुक्यांतील बारसूच्या सड्यावर जांभ्या कातळांत एक भव्य चित्र खोदलेलें आहे. मध्यें उभी मानवाकृति व तिच्या दोन्ही बाजूंस एकेक वाघ, अशी त्याची मांडणी आहे. सुमेरी कलेंतहि दोन पशूंमधील वीर आढळतो. तेव्हां कोंकण व सुमेर यांचा पुरातन संबंध या चित्रानें सिद्ध होतो काय, हें पाहावयाचें आहे.

सुमेरांत इ. स. पूर्वी सुमारें ३३०० ते २९०० या काळांत दगडाचे लहान ताईत कोरीत. बसलेला बैल, मेंढा, सिंहाचें मुख असे त्यांचे आकार असत. दोरा ओवण्यास आरपार वेज पाडीत व पुष्कळांच्या सपाट तळाशीं पशूंच्या आकृति खोदीत. त्यामुळें एकच खडा ताईत व मुद्रा या दोन्ही कामीं येई. अशी वस्तु धन्याबरोबर दूरदेशीं जाऊं शकते. सिंधु संस्कृतीच्या मुद्रा सुमेरांतील ऊर येथें सांपडल्या, त्या अशाच प्रवासानें. सड्यावरील कातळ मात्र जागचा हालत नाहीं.

आतां विषयाचें साम्य. ऊरच्या राजस्मशानांतील वीणेवर वीराच्या बाजूंस मनुष्यमुखी बैल आहेत; मिसरांतील गेबेल-एल-अराकच्या सुरीच्या मुठीवर सिंह आहेत; मोहेंजोदडोच्या मुद्रेवर वाघ आहेत. इतक्या दूरवर पसरलेल्या विषयावरून कोणी कोणापासून काय घेतलें, हें ठरत नाहीं. शिवाय सुमेरी कारागिराचा पशु सिंह, बारसूचा वाघ. तो आमच्याच रानांतला. २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत आलेल्या या कातळशिल्पांचा काळहि मध्याश्मयुगापासून आद्य ऐतिहासिक काळापर्यंत मागेंपुढें धरण्यांत येतो. ज्याचा काळच निश्चित नाहीं, त्याची साक्ष अशा वादांत कशी घ्यावी?

संबंधाचा निर्णय व्हावयाचा तर तो चित्रसाम्यानें नव्हे, थरांत सांपडलेल्या लहान वस्तूनें होईल. प्रवराकांठच्या दायमाबाद येथें सिंधु लिपीच्या खुणा असलेल्या मातीच्या मुद्रा उत्खननांत मिळाल्या. त्यांचा थर ठाऊक असल्यामुळेंच उत्तरकालीन सिंधु संस्कृति तेथवर पोंचली होती असें म्हणतां येतें. त्याच मुद्रा बाजारांतून एखाद्याच्या पेटींत आल्या असत्या, तर त्या मुक्याच राहिल्या असत्या.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती कीं, वेज पाडलेला एखादा खडा, मणी वा मुद्रा हातीं आल्यास गांव, जागा, खोली व सोबतच्या वस्तु यांची नोंद त्याच दिवशीं करावी. वस्तु पुढें केव्हांहि तपासतां येते. तिचें ठिकाण एकदां विसरलें म्हणजे तें पुन्हा मिळत नाहीं.