पाण्यावरची नाल

आज लढाई नाही, तोफा नाहीत. आज पत्ते.

आमच्या घमापुरात निवृत्त फौजी आणि गन कॅरेज फॅक्टरीचे पेन्शनर पुष्कळ. मुलं बाहेरगावी, हातात थोडा पैसा, गुडघे अजून साथ देतात, म्हणून लोक फिरायला निघतात. हल्ली क्रूझचं वेड आलंय. तीन रात्री, चार दिवस, जेवणखाण धरून. अशाच एका सहलीहून परतलेल्या सद्गृहस्थांनी मला विचारलं, "साहेब, इथे चौकामागच्या खोलीत पत्ते मांडले तर पोलीस उचलून नेतात. तिकडे जहाजावर मी, एक वकील आणि दोन व्यापारी असे चौघे राजरोस पोकर खेळत होतो. असं कसं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात घरापासून करू. जबलपूरच्या ज्या खोल्यांमध्ये जुगाराचा फड बसतो, तिथे खोलीचा मालक स्वतः खेळत नाही. तो प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. त्याला आपल्याकडे म्हणतात नाल. नाल काटणारा कधी हरत नाही, कारण तो खेळतच नाही. आता १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा बघा. ज्या प्रांतांसाठी तो झाला त्यात आपला मध्य प्रांत होता. या कायद्याने जुगारघराची व्याख्या केली ती अशी, की जिथे पत्ते, फासे वगैरे मालकाच्या नफ्यासाठी ठेवलेले असतात, ती जागा. म्हणजे इंग्रजाने बोट बरोबर नालेवर ठेवलं होतं. मूळ कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, तिथे सापडणाऱ्याला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत. १२ व्या कलमात मात्र एक खिडकी उघडी ठेवली. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

अशाच खिडकीतून पुढे १९६७ मध्ये रमी बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात सांगितलं, की रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. तीन पत्तीला ही सूट मिळाली नाही. पण त्याच निकालात एक वाक्य आहे ते लोक विसरतात. क्लबचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे पुन्हा नाल! पोकर या दोघींच्या मध्ये लटकलेला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगारातून वगळलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलाय, त्यामुळे हद्द बदलली की कायदा बदलतो. हद्दीची ही गोष्ट ध्यानात ठेवा.

इथे थोडं विषयांतर, पण आपल्या गावाचं आहे म्हणून सांगतोच. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली रेल्वे जबलपुरात जोडली गेली. बोटीने मुंबईला उतरलेला गोरा अफसर आता थेट गाडीने इथे येऊ लागला. पावसाळ्यात मेसमध्ये करायचं काय? १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अफसराने इथल्या मेसमधल्या बिलियर्ड्सच्या टेबलावर पूल खेळात आणखी रंगीत चेंडू घातले आणि स्नूकर जन्मला. (हा पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन नव्हे. दर वेळी कोणीतरी विचारतंच.) पूल या शब्दाचा अर्थच सगळ्यांनी मिळून टाकलेली पैशांची रास. पोकरमध्ये तिलाच पॉट म्हणतात. या अफसरांना पैज लावण्याची सवय बोटीवरच लागलेली असे. त्या काळी प्रवासी बोटींवर रोज दुपारी जहाजाने चोवीस तासांत किती मैल कापले ते जाहीर होई आणि त्या आकड्यावर पैसे लावले जात. पण त्यातली सगळी रक्कम प्रवाशांतच वाटली जाई, किंवा काही भाग खलाशांच्या निधीला जाई. जहाज कंपनी नाल काढत नसे. उलट पत्त्यांतल्या ठगांची तिला भीती असे. टायटॅनिकवर असे धंदेवाईक पत्तेबाज होते आणि कंपनीने प्रवाशांना आधीच सावध केलं होतं. जहाजावरचे पत्ते आणि जहाजाच्या मालकाने काढलेला अड्डा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट सुरू झाली ती अमेरिकेत. पोकर वाढला न्यू ऑर्लीन्सहून मिसिसिपी नदीवर वर जाणाऱ्या वाफेच्या बोटींवर. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ च्या बोटप्रवासात हा खेळ पाहिला आणि लिहून ठेवला. १८३५ च्या जुलैमध्ये व्हिक्सबर्ग गावच्या लोकांनी पाच जुगाऱ्यांना फासावर दिलं, कोर्ट नाही, कचेरी नाही. अशा काठांपेक्षा पाणी बरं, हे जुगाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. एका काठाचा शेरीफ दुसऱ्या काठावर येऊ शकत नव्हता.

शंभर वर्षांनी हीच युक्ती समुद्रावर. १९३८ मध्ये टोनी कॉर्नेरो या माणसाने कॅलिफोर्नियात सांता मोनिकासमोर तीन मैलांपलीकडे रेक्स नावाचं जहाज नांगरलं. लोकांना नेण्या-आणण्यासाठी होड्या. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सरकारने छापा घातला तेव्हा पठ्ठ्याने पाण्याचे बंब सोडून पोलिसांना आठवडाभराहून अधिक काळ जहाजावर चढू दिलं नाही. शेवटी वाद एका प्रश्नावर आला, तीन मैल मोजायचे कुठून? किनाऱ्यापासून की उपसागराच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून? सरकारची रेषा मान्य झाली आणि जहाज हद्दीत सापडलं. आम्ही फौजी नकाशाशी आयुष्यभर झगडतो, त्यामुळे मला ही लढाई फार आवडते.

आता भारतात या. १९७६ या एका वर्षात तीन कायदे झाले. पहिला केंद्राचा. त्याने आपली समुद्री हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, अशी नक्की केली. तिच्या बाहेर परदेशी झेंड्याच्या जहाजावर त्या देशाचा कायदा. म्हणून मोठ्या क्रूझवर बंदरात असताना कॅसिनो बंद असतो आणि खोल समुद्रात गेल्यावर उघडतो. आमच्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा, कॅसिनोंना परवाना देणारा आणि त्यांच्यावर कर लावणारा. तिसरा गोव्याचा, जुगाराला बंदी करणारा. पुढे काय झालं? महाराष्ट्राचा परवानगी देणारा कायदा कधी अमलात आलाच नाही. ४७ वर्षं कागदावर राहिला आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. आणि गोव्याच्या बंदीच्या कायद्याला १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती होऊन किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. परवानगीच्या राज्यात बंदी, बंदीच्या राज्यात परवानगी!

२००१ मध्ये काराव्हेला हे जहाज सुरू झालं. दूरचं जहाज म्हणजे कुठे? मांडवी नदीत, पणजीसमोर. मी २०१९ मध्ये बांदोडकर मार्गावरच्या पदपथावर उभा होतो. जहाजांवरची रोषणाई काठावरून स्पष्ट दिसते. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर याहून लांबचं निशाण असायचं. १२ सागरी मैल विसरा, ही नदी आहे. इथे हद्दीबाहेरचं काहीच नाही. सरकारने स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या परवान्याने, पाण्याचा एक पट्टा काढून दिलाय आणि नालेचा वाटा शुल्क आणि कर म्हणून घेतलाय. नंतर जहाजं वाढत सहापर्यंत गेली. २०१७ च्या पावसाळ्यात लकी सेव्हन नावाचं जहाज मांडवीत यायला निघालं आणि मिरामारच्या वाळूत रुतलं. काही महिने तिथेच होतं, लोक फोटो काढायला जात. विरोधी पक्षात असताना कॅसिनो हटवू म्हणणारे सत्तेत आल्यावर मुदतवाढ देतात, हे गोव्यात एकापेक्षा अधिक पक्षांनी करून दाखवलंय.

अमेरिकेतही हेच झालं. आयोवाने १९८९ मध्ये नदीवरच्या बोटींना परवानगी दिली तेव्हा अट होती, की एका डावावर ५ डॉलरहून जास्त नाही आणि एका फेरीत माणसाने २०० डॉलरहून जास्त हरायचं नाही. शेजारच्या राज्यांनी सैल नियम केले, गिऱ्हाईक तिकडे वळलं, आयोवाने या मर्यादा काढून टाकल्या. मिसिसिपी राज्यात बोटी आधीपासून काठाला बांधलेल्याच. २००५ च्या कतरिना वादळाने त्या उचलून जमिनीवर फेकल्या, तेव्हा सरकारने कायदाच बदलून त्यांना जमिनीवर ८०० फुटांपर्यंत जागा दिली. पाणी हे निमित्त होतं.

आता हिशेब. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, एकमेकांशी खेळता, म्हणून लोकांना वाटतं की हा खेळ सभ्य. रूलेटचं गणित उघड आहे. चाकावर ३७ घरं, एका आकड्यावर जिंकलात तर ३५ पट, म्हणजे शंभरामागे सुमारे २ रुपये ७० पैसे मालकाचे. पोकरची नाल प्रत्येक पॉटमधून निघते, बहुधा ५ टक्के किंवा त्याहून जास्त. समजा सहा जण प्रत्येकी १०,००० घेऊन बसले. पॉट सरासरी २,००० चा, तासाला २५ डाव. ५ टक्क्यांनी तासाला २,५०० गेले. चार तासांत १०,०००. म्हणजे सगळे सारख्याच ताकदीचे असले तरी रात्र संपेपर्यंत एका माणसाची पूर्ण रक्कम टेबलावरून नाहीशी झालेली असते, आणि ती कोणीच जिंकलेली नसते.

माझ्या ओळखीचे एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर मित्रांबरोबर गोव्याला गेले. युनिटमध्ये रमीत त्यांना हरवणारा नव्हता. पहिल्या रात्री ते जिंकले. दुसऱ्या रात्री हरले, मग मोबाइलवरूनच एफडी मोडली. कम्युटेशनच्या पैशातली, मुलीच्या लग्नाची. आकडा सांगत नाही, कारण त्यांनी घरी अजून पूर्ण सांगितलेला नाही. ते मूर्ख नव्हते. पत्ते उत्तम खेळत होते. मेसमध्ये तंबोल्याचं तिकीट आणि रमीचे चार-आठ आणे, त्यात नाल नव्हती, म्हणून त्या नफ्यातोट्याची बेरीज शून्य येत असे. इथे ती येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरकारी परवाना पाहून माणूस खेळ तपासून घेतलेला आहे असं समजतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मोबाइलवरचा पैशांचा पोकर गेला. जहाजं आहेत तिथेच आहेत, आणि सहलींच्या जाहिराती आमच्या घमापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर पूर्वीपेक्षा जास्त येतात.

राहिली एक बाब. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी केली. कायद्यात तरतूद आधीच होती, अंमल तेव्हा सुरू झाला. स्वतःच्या माणसांना त्यापासून लांब ठेवावं, असं ज्या सरकारला वाटलं तेच सरकार परवाने देतं. त्यामुळे आता पर्यटक असल्याची खात्री करून आत सोडतात. ओळखपत्रावर पणजी किंवा म्हापसा असेल तर परत जा. जबलपूर असेल तर या.