बटीक : माळव्याच्या इतिहासातील एक विस्मृत पान

शिक्षणानिमित्त परदेशी गेलेला मराठी विद्यार्थी सेनेगलच्या गोरे बेटावर किंवा झांजिबारला पोहोचला, तर गुलामांच्या व्यापाराच्या खुणा पाहून अंतर्मुख होतो. झांजिबारचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्या जागी पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले. हा व्यापार दूरदेशी परक्यांनी केला, ही समजूत मात्र धारपासून सुमारे ३५ किलोमीटरांवरील मांडूत टिकत नाही.

मुंज आणि कपूर या दोन तलावांमधील जहाजमहाल सुलतान गियासुद्दीन खलजीच्या (१४६९-१५००) काळचा मानला जातो. त्याच्या जनानखान्यात हजारो स्त्रिया होत्या व ५०० तुर्की आणि ५०० हबशी स्त्रिया सशस्त्र पहारा देत, असे फेरिश्ता सांगतो. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया. तेथून विकलेली माणसे समुद्रमार्गे हिंदुस्थानात येत. मलिक अंबरही असाच दख्खनेत आला. या सुलतानासाठी सिद्ध झालेली ‘निमतनामा’ ही पाककलेची सचित्र पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या चित्रांत सुलतानाभोवती सेविकांचा मेळा दिसतो. मांडूचा प्रवासी महालाची शोभा वाखाणतो. त्या पहारेकरणी कोठून आल्या, हे सहसा विचारीत नाही.

सुलतानी गेली, प्रथा राहिली. अठराव्या शतकात धार व देवास येथे पवारांची सत्ता स्थिरावली. त्याच शतकातील पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. डिसेंबर १८१८ मध्ये देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीशी, तर जानेवारी १८१९ मध्ये धारशी इंग्रजांचे तह झाले. त्या सुमारास माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले, की येथील गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची आहे आणि इतक्या बटकी अन्य प्रांतात क्वचितच असतील. नाचगाण्याच्या फडांच्या प्रमुख स्त्रिया लहान मुली विकत घेत. पुरुष गुलाम थोडे, त्यांची स्थितीही बरी. मुलींच्या वाट्याला मात्र बहुधा देहविक्रय येई. माल्कम विजेत्यांपैकी होते, त्यामुळे त्यांचे लेखन पारखूनच घ्यावे लागते. परंतु बटकी विकत घेतल्या जात, ही साक्ष आपलीच दप्तरे देतात.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांत गुलामीचा हक्क अमान्य ठरला. संस्थानी मुलखास तो थेट लागू नव्हता.

मोल्सवर्थच्या कोशात ‘बटीक’ म्हणजे स्त्री-गुलाम असा अर्थ दिलेला आहे. आज हा शब्द ‘सत्तेची बटीक’ अशा वाक्प्रयोगापुरता उरला आहे. व्यासपीठावरून तो सहज उच्चारला जातो, पण त्यामागची विकत घेतलेली मुलगी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. जुनी दप्तरे आणि कोश जपणाऱ्या ग्रंथालयांमुळे निदान तिच्या अस्तित्वाची नोंद तरी शिल्लक आहे. गोरे बेटावर ज्याचे मन हेलावते, त्याने मांडूच्या तलावाकाठीही क्षणभर थांबावयास हवे.